लाखोळी : विष बियात, रोग ताटात

वैनगंगेच्या पूर्वेकडच्या मुलखात, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात, दिवाळीच्या सुमारास धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागतात. लोंब्या वाकलेल्या असतात, पण पायाखालची माती अजून ओली असते. कापणीला दोन-तीन आठवडे असताना शेतकरी त्या उभ्या धानातच एक बी फेकतो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, पाणीही नाही. धान कापून होईपर्यंत खाली हिरवे कोंब वर आलेले असतात. पुढे हिवाळाभर मातीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर ते पीक वाढते, निळसर फुलांनी बांधी भरते आणि उन्हाळा लागायच्या आत दाणा हाती येतो. या पद्धतीला 'उतेरा' म्हणतात आणि त्या बीला 'लाखोळी'. कोणी 'लाख' म्हणतात, कोणी 'लाखोरी'. छत्तीसगडात तिला 'तिवरा' म्हणतात, उत्तरेत 'खेसारी', आणि वनस्पतिशास्त्रात 'लॅथिरस सटायव्हस'.

कोवळ्या शेंड्यांची भाजी, दाण्याची डाळ, पिठाचे वडे, काडाचा चारा असे काहीही वाया न जाणारे हे पीक. जमिनीला नत्र देऊन जाते ते वेगळेच. तरीही याच पिकाच्या डाळीच्या विक्रीवर १९६१ पासून बंदी आली, कारण ती खाऊन माणसे पायांनी अधू होत. या रोगाचे नाव 'लॅथिरिझम'. आजच्या वैद्यकात अल्झायमर आणि पार्किन्सन यांच्यासारख्या चेतापेशी झिजवणाऱ्या रोगांच्या यादीत त्याला जागा आहे. त्या यादीत त्याचे वेगळेपण असे, की इतर बहुतेक रोगांचे मूळ कारण अजून धूसर आहे, आणि याचे कारण मात्र मुठीत धरून दाखवता येते. ही मूठभर डाळ नेमकी कोणाच्या ताटात, किती आणि का गेली, हा खरा इतिहास आहे. तो नीट पाहिला तर बंदीचा नेम कुठे चुकला तेही कळते.

जुनी ओळख

रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'कलायखंज' नावाचा एक विकार येतो. चालायला निघाले की अंग कापते, मग माणूस लंगडत चालतो आणि त्याच्या सांध्यांचे बंध सैल होतात, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. कलाय म्हणजे एक कडधान्य. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'त्रिपुट' या धान्याने लंगडेपण आणि पांगळेपण येते असे स्पष्ट म्हटले आहे. त्रिपुट म्हणजे तीन बाजूंचे; लाखोळीचा पाचरीसारखा दाणा हातात घेतला की हे नाव का पडले ते कळते.

युरोपालाही ही डाळ ठाऊक होती. १६७१ साली जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने पावात तिचे पीठ मिसळायला मनाई केली. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी युद्ध चालू असताना १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये दुष्काळ पडला, आणि शहराने याच पिठाच्या लापशीवर दिवस काढले. चित्रकार गोयाने युद्धाच्या भीषणतेवर जी चित्रमालिका कोरली, तिच्यातल्या एका चित्राच्या नावातच या धान्याचे आभार मानले आहेत. त्या चित्रात लापशीभोवती जमलेली माणसे आहेत आणि जमिनीवर आडवी पडलेली एक बाई आहे. भूक भागवणारे आणि पाय काढून घेणारे अन्न एकच होते. १८७३ साली नेपल्सचे वैद्य कांतानी यांनी या रोगाला 'लॅथिरिझम' हे नाव दिले.

दुष्काळाचे पीक

आपल्या भागाजवळची सर्वांत ठसठशीत नोंद सागरची आहे, आणि ती करणारा अधिकारी मराठी वाचकाला ठगांच्या बंदोबस्तामुळे माहीत असलेला विल्यम स्लीमन. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत तो लिहितो, की १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पावसाने दगा दिला आणि १८३१ साली गव्हावर तांबेरा पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारी तिवरा मात्र जोमाने वाढली. एरवी ती गुरांना घालायची. आता लोकांनी तिचा दाणा स्वतःसाठी ठेवला आणि पालापाचोळा गुरांना टाकला. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. रात्री धडधाकट झोपलेला तरुण सकाळी उठला तो पायांवर उभा राहीना. एका गावातली जवळजवळ निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत अशी अधू झाली, असे त्याने नोंदवले आहे.

पुढे ब्रिटिशांनी नागपूर राज्य खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत बनवला. भंडारा जिल्हा त्यात आला आणि आजचा गोंदिया त्या भंडाऱ्याचाच भाग होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. त्या काळातल्या लॅथिरिझमवर अँड्र्यू बुकॅनन या सरकारी डॉक्टराने प्रांतभराचा एक स्वतंत्र अहवालच लिहिला. तो १९०४ साली नागपुरात छापला गेला. एखाद्या डाळीच्या आजारावर सरकारला अहवाल काढावा लागतो, यावरूनच त्याची व्याप्ती ध्यानात यावी.

दुष्काळ आणि लाखोळी यांची जोडी योगायोगाने जमलेली नाही. पाण्याची ओढ, पाणथळ जमीन, कीड, सगळे सोसून हे झाड तगते. पाऊस दगा देतो तेव्हा शेतात बहुधा तेच उरते. शिवाय कोरड्या हंगामात आणि जस्त कमी असलेल्या मातीत त्याच्या दाण्यातले विष वाढते. म्हणजे ज्या वर्षी खायला दुसरे काहीच नाही, नेमक्या त्याच वर्षी हा दाणा अधिक विषारी होतो. एरवी वरणातून, वड्यातून पोटात जाणाऱ्या डाळीने काही होत नाही. दिवसाच्या अन्नातला तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोळीचा असेल, तोही दोन-तीन महिने सलग, आणि सोबत भाजीपाला व इतर धान्य नसेल, तरच पाय जातात. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकून दिले तर विषाचा मोठा हिस्सा निघून जातो. पण उपासमारीत फेकायला पाणी आणि जाळायला सरपणही जपून वापरावे लागते.

दुष्काळ नसतानाही हेच घडवणारी एक व्यवस्था होती, ती मजुरीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य प्रदेशातल्या रीवा भागात बांधील मजुरांना धान्याच्या रूपात मजुरी मिळे, आणि त्या धान्यात खेसारीचा वाटा मोठा असे. जमीनमालकाच्या ताटात गहू आणि तांदूळ, मजुराच्या ताटात खेसारी. १९२२ साली अ‍ॅक्टन या डॉक्टराने रोगाच्या पायऱ्या लावल्या. काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. साध्या, जवळजवळ निष्ठुर अशा या मोजमापाने पुढची अनेक दशके रोगी ओळखले गेले. त्यांत तरुण पुरुष अधिक असत, कारण सर्वांत कष्टाचे काम त्यांच्याच वाट्याला येई आणि अंगमेहनतीने रोग बळावे.

याचा सर्वांत क्रूर पुरावा भारताबाहेर मिळतो. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या युक्रेनमध्ये व्हाप्नियार्का नावाची छळछावणी होती. तिथल्या ज्यू कैद्यांना १९४२ च्या शरदापासून रोज सुमारे ४०० ग्रॅम हीच डाळ मिळू लागली. काही आठवड्यांत तरुणांचे पाय ताठरू लागले आणि थोड्याच काळात शेकडो कैदी अधू झाले. त्यांच्यातलेच एक कैदी डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. कैद्यांनी ती डाळ खाण्यास नकार दिला तेव्हा कुठे शिधा बदलला. सागरचा शेतकरी, रीवाचा मजूर आणि व्हाप्नियार्काचा कैदी यांच्यात समान धागा एकच. दुसरे काही खाण्याची मुभा त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती.

दाण्यातले विष

विष नेमके कोणते, हे कोडे भारतीय प्रयोगशाळांनी सोडवले. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याच सुमारास दिल्लीच्या एका गटानेही ते शोधले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव आखडून त्याला 'ओडॅप' म्हणतात. प्रथिनांच्या घडणीत त्याचा काही उपयोग नाही, पण त्याची ठेवण आपल्या मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्यासारखी असते.

ग्लुटामेट हा चेतापेशींना 'जागी हो' असे सांगणारा निरोप आहे. निरोप पोचला की पेशी उद्दीपित होते आणि निरोप्या बाजूला होतो. ओडॅप त्याच दारातून आत शिरते आणि पेशीला सतत उद्दीपित ठेवते. आत कॅल्शियमचा लोंढा येतो, ऊर्जा बनवणारी यंत्रणा कोलमडते आणि पेशी अतिश्रमाने मरते. अशा मरणाला 'एक्सायटोटॉक्सिसिटी', म्हणजे अतिउद्दीपनाचे विष, हे नाव अमेरिकेतल्या जॉन ओल्नी यांनी १९६९ साली दिले. लॅथिरिझममध्ये त्याचा सर्वाधिक फटका मेंदूकडून कमरेखालच्या स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या लांब तंतूंना बसतो. पोटऱ्या ताठ होतात, टाच टेकत नाही आणि चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. बुद्धी, वाचा आणि स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत राहते. आपले काय झाले हे रोग्याला पुरते कळत असते.

या शोधाने दुसरेही दार उघडले. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर पार्किन्सन, विस्मृती आणि स्नायूंचा क्षय यांची एक चमत्कारिक सांगड दिसत होती. तिथले लोक सायकॅड झाडाच्या बियांचे पीठ खात. लाखोळीचे उदाहरण पुढे असल्याने १९६७ साली आर्थर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने सायकॅडमध्ये तशाच ठेवणीचे एक अमिनो आम्ल शोधले. ग्वामच्या रोगाचे तेच कारण का, यावर आजही वाद आहे. पण अन्नातले एखादे द्रव्य वर्षानुवर्षे मेंदूच्या पेशी मारू शकते, ही शक्यता विज्ञानाने गंभीरपणे घेतली, त्यामागे या गरिबांच्या डाळीचा हात होता.

विझलेली आग आणि धुमसती आग

इथे एक प्रश्न पुढे येतो. पार्किन्सन आणि अल्झायमर वर्षागणिक वाढत जातात. लॅथिरिझम मात्र बहुतेक रोग्यांत एका टप्प्यावर थांबतो. डाळ बंद केली की पाय बरे होत नाहीत, पण सहसा आणखी बिघडतही नाहीत. व्हाप्नियार्काहून वाचून इस्रायलमध्ये गेलेल्या सुमारे २०० जणांचा पाठपुरावा तिथल्या डॉक्टरांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. युद्धानंतर जवळजवळ चार दशकांनीही ही माणसे त्याच ताठर पायांनी चालत होती.

मग इतर रोगांत झीज का थांबत नाही? त्याचे एक उत्तर मेंदूच्या दाहात सापडते. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली मेंदूतल्या चिमुकल्या, फांद्याफांद्यांच्या पेशींना 'मायक्रोग्लिया' हे नाव दिले. या मेंदूच्या रखवालदार आहेत आणि झाडूवाल्याही. कुठे पेशी मेली, जंतू शिरला, कचरा साठला की त्या धावतात, गिळतात, साफ करतात. काम झाले की त्यांनी शांत व्हायचे असते. पण कधीकधी त्या शांत होत नाहीत. त्यांनी सोडलेली रसायने शेजारच्या धडधाकट पेशींना इजा करतात, त्या मेल्या की पुन्हा रखवालदार चवताळतात, आणि हे चक्र मूळ कारण संपल्यावरही फिरत राहते. १९८८ साली कॅनडातल्या मॅकगीर दांपत्याच्या गटाने पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत अशा चवताळलेल्या पेशी दाखवून दिल्या. मायक्रोग्लियातल्या 'ट्रेम-२' या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना अल्झायमरचा धोका बराच जास्त असतो, हेही २०१३ च्या सुमारास सिद्ध झाले. म्हणजे दाह हा रोगाचा नुसता धूर नाही, त्याचा आगीत हात आहे. मात्र सूज उतरवणाऱ्या साध्या गोळ्यांनी अल्झायमर रोखण्याचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत. या पेशी सफाईही करतात आणि नासधूसही. त्यामुळे त्यांना सरसकट गप्प करून भागत नाही.

लॅथिरिझमशी ताडून पाहावे असे उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. १९८२ साली तिथे काही तरुणांनी भेसळयुक्त नशेचे इंजेक्शन घेतले आणि काही दिवसांत ते म्हाताऱ्या पार्किन्सनच्या रोग्यासारखे थिजले. विष थोड्याच काळापुरते शरीरात गेले होते. पण पुढे त्यांच्यापैकी तिघांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा, विष घेतल्याला तीन ते सोळा वर्षे उलटूनही, तिथे मायक्रोग्लियांचे पुंजके आणि चालू असलेली झीज दिसली. विल्यम लँगस्टन यांच्या गटाने १९९९ साली हे प्रसिद्ध केले. एका विषाने आग लावली आणि ती धुमसत राहिली. लाखोळीच्या विषाने आग लावली, पायांचे तंतू जाळले आणि ती बहुधा विझली. दोन्हींतला फरक नीट उलगडला, तर धुमसती आग कशी विझवावी याचा काही माग लागेल. अभ्यासकांना लॅथिरिझम अजूनही मोलाचा वाटतो तो यासाठी.

बंदीचा नेम

आता बंदीकडे येऊ. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तरतूद झाली आणि राज्यांनी विक्री बंद केली. महाराष्ट्रातही ती लागू झाली. हेतू चांगला होता. पण कायद्याने अडवला तो बाजार, आणि रोग बाजारात होत नव्हता. बाजारातून डाळ विकत घेणारा माणूस थोडीच घेतो आणि सोबत भात, भाजीही खातो. पाय जात होते ते घरच्या कोठीतली लाखोळी सोडून दुसरे काही नसणाऱ्याचे आणि मजुरीत तीच मिळणाऱ्याचे. त्याचा बाजाराशी संबंधच नव्हता. पिकवण्यावर बंदी नव्हती, म्हणून पीक निघतच राहिले. उघड विकता येईना म्हणून ते स्वस्तात गेले आणि तुरीच्या डाळीत, बेसनात चोरून मिसळले जाऊ लागले. रंगरूपाने ते खपूनही जाई. झाडीपट्टीतल्या लहान शेतकऱ्याला जे दुसरे पीक फुकट मिळत होते, त्याचा भाव मात्र पडला.

या बंदीविरुद्ध नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी अनेक वर्षे लढा दिला. सत्याग्रह केले, न्यायालयात गेले. दुसऱ्या बाजूने, विषाचे प्रमाण कमी असलेली वाणे शास्त्रज्ञ तयार करत होते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे 'रतन', रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे 'प्रतीक' आणि 'महातिवडा' ही त्यांतली काही. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने अशा वाणांना मोकळीक देण्याची शिफारस केल्याच्या बातमीने मोठे वादळ उठले. 'विषारी डाळ पुन्हा गरिबांच्या माथी' असा एक सूर निघाला, तर 'गरिबाचे पीक मोकळे करा' असा दुसरा. दोन्ही सुरांना गरिबाची काळजी होती, आणि दोन्हींतला वाद पुन्हा दाण्यातल्या विषाच्या टक्केवारीवर येऊन थांबला.

खरी माहिती गोंदियातच होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जिल्ह्यातल्या पाच गावांतली १०५ घरे पाहिली आणि आपले निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. बंदी असूनही लोक लाखोळी पिकवत होते आणि खात होते. पण खाण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा घटले होते आणि लॅथिरिझमचा नवा रोगी आढळला नाही. या दोन वाक्यांत बंदीच्या अर्धशतकाचा हिशेब आहे. डाळ थांबली नाही, रोग थांबला. त्या काळात या भागात काय बदलले ते जिल्ह्यातल्या कोणालाही सांगता येईल. इटियाडोह आणि बाघ प्रकल्पांचे पाणी आले, काही बांध्यांत लाखोळीच्या जागी उन्हाळी धान उभे राहिले, रेशनचा तांदूळ-गहू मिळू लागला, रोजगार हमीची कामे निघाली आणि मजुरी पैशांत मिळू लागली. ताटात लाखोळीच्या शेजारी दुसरे काहीतरी आले. ओडॅपचे प्रमाण कमी करणाऱ्या वाणांची किंमत यामुळे कमी होत नाही. पण दुसरे अन्न नसताना सौम्य वाणही फार काळ निर्धोक राहणार नाही, आणि दुसरे अन्न असताना जुन्या वाणानेही पाय जात नाहीत, हे विसरून चालणार नाही.

म्हणून लाखोळीच्या वादात दाण्याइतकेच ताटही तपासले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथिओपियात दुष्काळ पडला तेव्हा तिथे पुन्हा हा रोग उसळला. कारण तिथले ताट पुन्हा एका धान्यावर आले होते. आपल्याकडे रेशनचे धान्य वेळेवर न पोचणे, आधार जुळला नाही म्हणून कार्डावरचे नाव गळणे, सलग दोन पावसाळे कोरडे जाणे, या गोष्टी मेंदूच्या रोगांच्या पुस्तकात येत नाहीत. लॅथिरिझमचा इतिहास सांगतो की त्या तिथेच यायला हव्यात. बांधीत निळी फुले दरवर्षी येतील, आणि यायला हरकतही नाही. ती फुले पाहणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चुलीवर आणखी काय शिजते आहे, यावर त्याचे पाय अवलंबून आहेत.